पेन्शनरांची मंडळी : रावढळचे गोपाळबाबा ते चवदार तळं

आजचा भाग पाचाडहून. मागे वाऱ्याचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. इथे रायगडावरून वारा सरळ खाली उतरतो.

पाचाड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जिजाऊंचा वाडा, जिजाऊंची समाधी, आणि गडाकडे जाणारा रस्ता. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला जिजाऊ इथेच गेल्या. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, आपण त्यावर दोन भागही केलेत. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचंय ते माजी सैनिकांबद्दल. त्यातही एका माजी सैनिकापेक्षा त्यांच्या संघटनेबद्दल. निवृत्त झालेले फौजी लोक एकत्र येतात, मंडळ काढतात, आणि मग त्या मंडळाचा गावाला काय उपयोग होतो, हा आजचा प्रश्न.

आता महाड, पोलादपूर, माणगाव या पट्ट्यात माजी सैनिक हा काही नवलाचा माणूस नाही. वाडी वाडीत एखादा तरी सापडतो. मराठा लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंट, तोफखाना, सिग्नल, नौदल, काय विचारू नका. शेती म्हणजे डोंगर उताराची वरकस जमीन आणि खाली थोडी भातखाचरं. त्यावर घर चालत नाही. मग पोरगा एक तर मुंबईला गिरणीत, नाही तर पलटणीत. शंभर दीडशे वर्षं हेच चाललंय. गिरण्या बंद झाल्या, पलटण चालू आहे.

आज अशा लोकांची संघटना काय काम करते, ते आधी सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. बाहेरच्याला वाटतं, ही मंडळी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला टोपी घालून, छातीवर मेडल लावून झेंड्याला सलामी देतात, झालं. प्रत्यक्षात वर्षातले उरलेले दिवस ती कागद भरत असतात. हयातीचा दाखला. 'स्पर्श' नावाच्या पोर्टलवर पेन्शनची माहिती जुळवणं. एखादा जवान गेला तर त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन लावून देणं, आणि तिथे नावाचं स्पेलिंग सर्व्हिस बुकात एक आणि आधार कार्डावर दुसरं असलं की सहा महिने त्यातच. वन रँक वन पेन्शनचा आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ ला, लागू झाला १ जुलै २०१४ पासून, आणि त्यातला फरक किती हे समजावून सांगायला गावात कोण बसलं होतं? हेच लोक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला. पाचाडहून किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, एसटी बदलत बदलत. सत्तर वर्षांच्या वीरपत्नीला तिथे एकटीला कोण पाठवणार? तर संघटनेचा कोणीतरी सोबत जातो. अर्ज लिहिणं, अर्जाच्या मागे लागणं, आणि अर्ज फेटाळला तर पुन्हा लिहिणं. पेन्शनरांच्या संघटनेचं मुख्य काम हे आहे.

आणि या भागात ते काम सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

पाचाडहून घाट उतरून पंचवीसेक किलोमीटर खाली गेलात की महाड. त्याच महाड तालुक्यात रावढळ नावाचं गाव आहे. या गावचे गोपाळबाबा वलंगकर. जन्म साधारण १८४० च्या सुमाराचा, जात महार, नोकरी ब्रिटिशांच्या पलटणीत, हुद्दा हवालदार. १८८६ ला निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले.

दापोलीच का? तर दापोली ही लष्करी छावणी होती. आजही म्हातारी माणसं 'काँप दापोली' म्हणतात, तो काँप म्हणजे कॅम्प. छावणी गेली तरी निवृत्त सैनिक तिथे राहत गेले. महार आणि चांभार समाजातल्या पेन्शनरांची तिथे चांगली वस्ती होती. सुभेदार, जमादार, हवालदार असे लोक. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच येऊन राहिले होते.

आता जरा थांबून या पेन्शनर माणसाचं आयुष्य डोळ्यांपुढे आणा. कारण सगळी गोष्ट इथे आहे.

मुंबई इलाख्याच्या फौजेत त्या काळी पलटणी मिश्र होत्या. एकाच पलटणीत मराठा, महार, मुसलमान, परदेशी. बढती मिळायची ती नोकरीच्या वर्षांवर आणि लायकीवर. म्हणजे महार सुभेदार हुकूम सोडायचा आणि त्याच्या हाताखालचा मराठा किंवा ब्राह्मण शिपाई सलाम ठोकायचा. छावणीत शाळा असायची, सैनिकांनी आणि त्यांच्या मुलांनी शिकावं असा दंडक होता. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते, चौदा वर्षं. छावणीच्या शाळेत कोणी शिकवलं, कोणाशेजारी बसलं, याचा विटाळ निघत नव्हता. निदान उघड तरी नाही. घरात पोथ्या होत्या, बायकामुलं वाचायला शिकत होती.

आणि मग वीस पंचवीस वर्षांनी तोच सुभेदार पेन्शन घेऊन गावी येतो. गावात शिरतानाच त्याची बढती संपते. विहीर बंद. देऊळ बंद. केस कापायला न्हावी नाही. ज्याच्याकडून काल सलाम घेतला, त्याच्या अंगावर सावली पडू नये म्हणून आज बाजूला व्हायचं. मला विचाराल तर, या माणसाइतका अस्वस्थ माणूस त्या काळच्या कोकणात दुसरा नसेल. ज्यानं गावाबाहेरचं काही पाहिलंच नाही त्याला वाटतं, जग असंच असतं. यानं दुसरं जग पाहिलेलं असतं, आणि त्याचा लेखी पुरावा त्याच्या ट्रंकेत असतो.

दुसरी एक गोष्ट, जी आपण सहसा ध्यानात घेत नाही. पैसा. गावातला महार बलुत्यावर आणि वतनावर. वेसकरकी करायची, सरकारी सांगावे न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात खळ्यावर पेंढी, घरोघर भाकर. म्हणजे पोट गावाच्या हातात. गावानं मनात आणलं तर उद्या चूल बंद. पेन्शनरचं तसं नव्हतं. त्याचे पाच सात रुपये असोत की जास्त, ते सरकारी खजिन्यातून येत. पाटलाला ते अडवता येत नव्हते. गावात रोकड असलेला, वाचता लिहिता येणारा आणि कोणाच्या भाकरीचा मिंधा नसलेला माणूस, असा तो एकच. संघटना उभी राहायला आणखी काय लागतं?

तर गोपाळबाबांनी दापोलीत मंडळी काढली. नाव 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. नाव आज अवघड वाटतं, पण त्यातला अर्थ त्या काळच्या माणसाला लगेच कळायचा. आम्हाला अनार्य ठरवून जो दोष चिकटवलाय तो काढून टाकणारी मंडळी. गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा मोठा परिणाम होता. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली. तिची रचना मला फार आवडते. भाषण नाही, तक्रार नाही. सव्वीस प्रश्न. शास्त्रात अस्पृश्यता कुठे आहे ते दाखवा, विटाळ म्हणजे नेमकं काय ते सांगा, अशा धर्तीचे प्रश्न, आणि ते विचारलेत उच्चवर्णीय शास्त्री पंडितांना. हवालदार माणूस. चौकशी कशी करायची त्याला ठाऊक. उत्तर लेखी मागायचं.

'दीनबंधु', 'सुधारक' अशा पत्रांतून ते लिहीत राहिले. कीर्तनं केली, गावोगाव फिरून आपल्या माणसांना मृत जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं.

याच सुमाराला दापोलीच्या पेन्शनरांनी म्युनिसिपालटीच्या शाळेसाठी भांडण काढलं. आमची मुलं शाळेत घ्या. आता हे लक्षात घ्या, शाळा सरकारी अनुदानाची, पेन्शनर कर भरणारे, आणि मुलं अशी की ज्यांचे बाप छावणीत इतरांच्या मुलांना शिकवत होते. शाळेत घेतलं तर कुठे बसवलं? ओट्यावर. व्हरांड्यात. अर्ज, उलट अर्ज, वरच्या साहेबाकडे अर्ज, असं ते वर्षानुवर्षं चाललं. ओटा की वर्ग, एवढ्यावर. वाचताना आपल्याला वाटतं की केवढीशी गोष्ट. पण पावसाळ्यात दापोलीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला ओटा म्हणजे काय ते कळेल.

आणि मग सगळ्यात मोठा घाव बसला तो लष्कराकडूनच. १८५७ नंतर फौजेची फेररचना चालूच होती. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांचा 'लढाऊ जमाती' या कल्पनेवर विश्वास. म्हणजे अमुक जाती जन्मानेच लढाऊ आणि तमुक नाहीत. शिवाय पलटणी जातवार करायच्या ठरल्या, आणि वरच्या जातीचे शिपाई महार अंमलदाराचा हुकूम कसा पाळतील हा सवाल पुढे केला गेला. शेवटी १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली.

भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा खांब तुम्हाला माहीत आहे. त्यावरच्या मृतांच्या यादीत 'नाक' प्रत्ययाची कितीतरी नावं आहेत, आणि ती महारांची. म्हणजे सरकारनं स्वतःच दगडात कोरून ठेवलंय की हे आमच्यासाठी मेले. आणि पंचाहत्तर वर्षांनी तेच सरकार म्हणतं, तुम्ही लढाऊ जमातीतले नाहीत.

याचा दापोलीच्या वस्तीत काय अर्थ झाला? आजच्या पेन्शनरचं पेन्शन चालू राहील. पण त्याच्या पोराला पलटण नाही. म्हणजे शाळा नाही, रोकड नाही, गावाबाहेरचं जग नाही. पोरगा पुन्हा बलुत्यावर. एका पिढीत जे वर चढलं ते पुढच्या पिढीत खाली. पेन्शनर लोकांना हे समोर दिसत होतं. म्हणून १८९४ साली गोपाळबाबांच्या मंडळीनं सरसेनापतींसाठी मराठीत एक मोठा अर्ज तयार केला. आमची भरती पुन्हा सुरू करा. रामजी सुभेदारांनीही याच कामी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली होती असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलंय.

त्या अर्जात एक भाग असा आहे की आज वाचताना आपण अडखळतो. आम्ही मुळात क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी नको ते खावं लागलं आणि म्हणून आम्ही खाली ढकलले गेलो, असा दावा त्यात आहे. काही जण यावरून गोपाळबाबांना नावं ठेवतात की हे पण शेवटी क्षत्रियत्वच मागत होते. मला ते पटत नाही. ज्या साहेबाला जन्मावरून लढाऊपणा मोजायचा आहे, त्याला त्याच्याच मापानं उत्तर दिलंय. अर्ज लिहिणारा माणूस समोरच्याच्या नियमात बसेल असंच लिहितो. आज 'स्पर्श'च्या फॉर्ममध्ये आपण जे कॉलम आहेत तेच भरतो ना?

अर्जाला यश आलं नाही. भरती बंदच राहिली.

पुढच्याच वर्षी, १८९५ ला, गोपाळबाबांची नेमणूक झाली महाड तालुका लोकल बोर्डावर. म्हणजे ते दापोलीहून पुन्हा आपल्या तालुक्यात आले, तेही सभासद म्हणून. लगेच प्रश्न निघाला, यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं कसं? बोर्डाच्या बाकीच्या सभासदांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत वाद झडले. पण ते बसले. १९०० साली ते गेले.

मंडळीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. नाव मागे पडलं, काम दुसऱ्यांनी उचललं. पुण्याला शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. ते स्वतः सैनिक नव्हते, पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. खडकीच्या लष्करी वातावरणात वाढलेला माणूस. त्यांनी पुन्हा सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. सैन्यात घ्या, पोलिसात घ्या, खालच्या पायरीची का होईना सरकारी नोकरी द्या. पुन्हा तेच मागणं. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर सरकारला आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती मोडलीसुद्धा. गरज सरो नि वैद्य मरो.

पण या चार वर्षांत पुन्हा काही शे घरांत खाकी कपडे, डिस्चार्जचे कागद आणि बाहेरचं जग आलं. आणि आता आपण येतो १९२७ वर. महाडवर.

चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी सगळा सांगत बसत नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला ऑगस्ट १९२३ मध्ये, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कोणी तिथे गेलं नाही, जाऊ शकलं नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड जिल्हा, १९८१ साली नाव बदललं.

परिषद कोणी घडवली? बाबासाहेब अध्यक्ष. रामचंद्र बाबाजी मोरे, लाडवलीचे, तेव्हा पंचविशीच्या आतले, त्यांची धावपळ मोठी. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही बाकीच्या समाजांतली साथ. ही नावं पुस्तकांत असतात, असायलाच हवीत. पण आयोजकांच्या नावांत आणखी एक हुद्दा दिसतो तो 'सुभेदार'. सुभेदार विश्राम गंगाराम सवादकर. सवाद हे गाव पोलादपूर तालुक्यातलं, सावित्रीच्या काठचं. आणि मांडवात बसलेल्या हजारो लोकांत निवृत्त फौजी किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. गावोगाव सांगावा नेणारं, वर्गणी गोळा करणारं, आलेल्या पत्राचं वाचन करून दाखवणारं गावात कोण होतं? मी मघाशी सांगितलं तो माणूस.

आणि बाबासाहेबांनी त्या भाषणात या पेन्शनरांचाच विषय काढला होता. ते आपण सहसा सांगत नाही. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की एकेकाळी हा भाग आपल्या लोकांच्या कर्तबगारीनं गजबजलेला होता, पुढारलेल्या जाती सोडल्या तर शिक्षणात आपली माणसं इतरांच्या पुढे होती, आणि हे लष्करामुळे झालं होतं. लष्कराचं दार बंद झालं आणि सगळं ओसरलं. ते दार पुन्हा उघडण्यासाठी भांडा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे १८९४ च्या अर्जातलं मागणं १९२७ च्या मांडवात जसंच्या तसं आलं, फक्त आता ते साहेबाला उद्देशून नव्हतं, आपल्याच माणसांना उद्देशून होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या खांबापाशी जाऊन आले होते. तिथून महाड अडीच महिन्यांवर.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. बाजारपेठेतून, रांगेनं, शिस्तीत. तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परत फिरले. आणि मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, आणि गटागटानं परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या.

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. मार खाणाऱ्यांत असे लोक होते ज्यांनी आयुष्यभर हत्यार चालवलं होतं. त्यांनी मनात आणलं असतं तर महाडच्या बाजारात त्या संध्याकाळी काय झालं असतं? तयारी होती, राग होता. बाबासाहेबांनी सांगितलं की हात उचलायचा नाही, आपण कायद्यानं जाणार. आणि हात उचलला गेला नाही. गांधीजींच्या आश्रमात याचं शिक्षण कोणी घेतलं नव्हतं. मग ते जमलं कसं? माझं उत्तर असं की हुकूम आला की रांगेत थांबायचं, ही सवय त्या गर्दीत आधीपासून होती. यावर कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर कळवा, मी ऐकेन. समता सैनिक दल याच वर्षीचं, आणि त्याच्या नावात 'सैनिक' हा शब्द उगाच आलेला नाही.

पुढचं थोडक्यात. हल्लेखोरांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे १०८ घागरी पाणी काढून, दूध, दही, गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद, मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबरला, आणि तळ्याचा खटला दहा वर्षं चालून १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकला. या दहा वर्षांत गावोगावच्या महारवाड्यांवर बहिष्कार पडले. बलुतं बंद, कसायला दिलेली जमीन काढून घेतली, दुकानात मीठ नाही. अशा वेळी वाडीत दरमहा खजिन्यातून रोकड येणारं एक जरी घर असलं तर काय आधार होतो, ते ज्यानं कोविडच्या काळात एका पेन्शनवर चार घरं जगताना पाहिलीत त्याला सांगायला नको.

भरतीचं दार शेवटी उघडलं. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. गोपाळबाबांच्या अर्जाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

आता परत आजच्या संघटनांकडे. माणगाव तालुक्यात पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे, लोक हार घालतात, शाळेतली पोरं माहिती सांगतात. फार चांगली गोष्ट आहे. पोलादपूरचं उमरठ म्हणजे तानाजी मालुसरे, तिथेही गर्दी. आणि रायगडाला तर वर्षभर रीघ. पण रावढळला? 'माजी सैनिकांची संघटना ज्यांनी उभी केली ते हवालदार या तालुक्यातले' असं आमच्या कुठल्या ध्वजदिनाच्या भाषणात मी तरी ऐकलेलं नाही. आंबेडकरी चळवळीतली माणसं त्यांचं नाव घेतात, जयंती पुण्यतिथीला बोलतात. माजी सैनिकांच्या व्यासपीठावर नाव नाही. हे दोन इतिहास एकाच तालुक्यात दोन वेगळ्या मांडवांत राहतात, आणि दोन्हीकडचे लोक एकाच कँटीनमधून साखर आणि तेल आणतात.

यात आजच्या जुन्या फौजींचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. पण फरक पडतो. पाचाडच्या वाडीतला एखादा निवृत्त नायक शेजारणीच्या फॅमिली पेन्शनसाठी तिसऱ्यांदा अर्ज लिहितो, तेव्हा त्याला वाटतं आपण फुकटचं कारकुनी काम करतोय, खरा पराक्रम तर वर गडावर झाला. त्याला कोणीतरी सांगायला हवं की बाबा रे, अर्ज लिहिणं ही इथल्या पेन्शनरांची जुनी लढाई आहे, आणि तिच्यातूनच पुढे चवदार तळं आलं.

संघटनांच्या वर्गणीचा, निवडणुकीचा, अध्यक्षपदाच्या रुसव्या फुगव्यांचा विषय मी मुद्दाम टाळलाय. तो सगळीकडे सारखाच असतो आणि त्यात ऐकण्यासारखं काही नाही.

एक काम मात्र सांगतो. ज्यांच्या घरात आजोबा, पणजोबा पलटणीत होते, त्यांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक एकदा उघडा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शन बुक, मेडलची डबी, साहेबाला केलेल्या अर्जाची कच्ची प्रत, जे काही असेल ते. २०२१ च्या जुलैत महाडच्या पुरात किती घरांतले असे कागद गेले, त्याची मोजदाद नाही. उरलेल्यांना वाळवी आहे. मोबाइलवर फोटो काढा, उजेडात, कागद सपाट ठेवून, मागची बाजूसुद्धा. मागच्या बाजूलाच पुष्कळदा गावाचं नाव, जात आणि पलटणीचा नंबर असतो. फोटो घरातल्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. लॅमिनेशन करू नका, कृपा करून. आणि वाचता येत नसेल, मोडी असेल किंवा इंग्रजी शिक्के पुसट असतील, तर तुमच्या भागातल्या माजी सैनिक संघटनेत घेऊन जा. कुठल्या रकान्यात काय लिहितात हे त्यांना पाठ असतं.

पुढच्या भागात आपण दासगावला जाऊ, जुन्या बंदरावर. तोपर्यंत नमस्कार.